बाबांची पेटी आणि दोन चाकं

(हा भाग आधी बोललेला आहे, नंतर लिहून काढला. बोलतानाचं ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडं कमी केलंय, सगळं काढलेलं नाही.)

मागे कूलरचा आवाज येत असेल तर माफ करा. नागपूर आहे, एप्रिल आहे, कूलर बंद करून रेकॉर्ड करायची माझी हिंमत नाही. आणि आजच्या विषयात कूलर आहेच, तेव्हा त्यालाही थोडं बोलू द्या.

आज मी एका गाडीबद्दल सांगणार आहे. इंजिन नाही, बॅटरी नाही, फक्त दोन चाकं, एक दांडा आणि दोन पेट्या. हत्यारं इकडून तिकडे न्यायची गाडी. मी ती घरी बनवली, पहिली फसली, दुसरी जमली. ज्यांच्यासाठी बनवली ते महिनाभर तिला हात लावायला तयार नव्हते. ते म्हणजे माझे बाबा.

आमचं काम इलेक्ट्रिकचं. वर्षभर पंखे, बोर्ड, वायरिंग. मार्च लागला की कूलर. बाहेरगावच्या लोकांना कूलरचा सीझन म्हणजे काय ते कळत नाही. इथे होळी झाली की शहरातला प्रत्येक माणूस गच्चीवरून, बाल्कनीतून, पलंगाखालून कूलर काढतो आणि त्याच दिवशी मिस्त्रीला फोन करतो. खस बदला, पंप चालत नाही, फॅन घरघरतो, टाकी गळते. पारा ४५ च्या पुढे गेला की लोक फोनवर ‘नमस्कार’ म्हणत नाहीत, सरळ ‘कधी येता?’ विचारतात.

बाबा हे काम तीस वर्षांपासून करतात. एक लोखंडी पेटी, खांद्याला पट्टा, आणि सायकल. नंतर मोपेड आली, पण पेटी तीच. ड्रिल मशीन, पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, छन्नी, वायरचं बंडल, एक्स्टेंशन बोर्ड, दोन जुने पंप, सुट्या कंडेन्सरचा डबा. मागच्या वर्षी मी एकदा ती पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. २३ किलो. त्यात कूलरची मोटर टाकली की २७-२८. बाबा हे उजव्या खांद्यावर घेऊन तीन-तीन मजले चढत होते.

मग एका सकाळी त्यांचा हात वर जाईना. शर्टात हात घालताना थांबले, हसले, म्हणाले ‘रात्री अवघडला असन’. आठवडाभर तसाच अवघडला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खांदा फिरवून पाहिला, व्यायाम दिला आणि सांगितलं, एका खांद्यावर वजन बंद. बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पेटी डाव्या खांद्यावर.

(इथे मी हसतोय, पण त्या दिवशी हसलो नव्हतो.)

मी म्हटलं, चाकं लावू. बाबा म्हणाले, ‘चाकं कायले? मी काय भंगार गोळा करून राहिलो?’

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण खरी अडचण तिथे होती. वेल्डिंग वगैरे नंतरच्या गोष्टी. आमच्या धंद्यात खांद्यावर पेटी म्हणजे मिस्त्री. गाडी ढकलत आलास तर वॉचमन तुला गेटवरच विचारतो, काय विकतो? बाबांना ते नको होतं. तीस वर्षांत लोक त्यांना ‘मिस्त्रीभाऊ’ म्हणायला लागलेत, ते काही फुकटात मिळालेलं नाही.

मला वाटलं हे फक्त आपल्याकडचं. मग चाकाच्या सुटकेसची गोष्ट वाचली. माणूस १९६९ ला चंद्रावर जाऊन आला, पण एअरपोर्टवर बॅगा हातातच उचलत होता. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाचा माणूस बॅगा बनवणाऱ्या कंपनीत होता. १९७० मध्ये सुट्टीवरून परत येताना दोन जड बॅगा ओढत असताना त्याला एक कामगार चाकाच्या फळीवरून मशीन आरामात ढकलत नेताना दिसला. त्याने बॅगेला चार चाकं आणि एक पट्टा लावला, १९७२ ला पेटंट मिळालं. पण दुकानदार घेईनात. सॅडोने नंतर सांगितलं की पुरुष बॅग ओढत चालणार नाहीत, ते मर्दानगीत बसत नाही, असा समज होता. म्हणजे न्यूयॉर्कचे दुकानदार आणि माझे बाबा एकाच मताचे निघाले. आणि आज आपण वापरतो ती उभी, दोन चाकांची, दांडा वर येणारी बॅग १९८७ ला रॉबर्ट प्लॅथ नावाच्या वैमानिकाने काढली. चार चाकं आणि पट्टा, नंतर दोन चाकं आणि दांडा. हा क्रम मला तेव्हा नीट कळला असता तर माझे पैसे वाचले असते, कारण मीही आधी चारच चाकं लावली.

तर पहिली गाडी. यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले. सगळे परदेशातले. मोठं गॅरेज, गुळगुळीत फरशी, लाकडाचं सुंदर कपाट, खाली चार छोटी फिरती चाकं. कपाट बोटाने ढकललं की सरकतं. मी पण १८ एमएमचा प्लाय घेतला, खाली चार कॅस्टर लावले, दोन इंची. दोन फिरणारे, दोन सरळ. घरात काय मस्त चालली! आईने तिच्यावर कुकर ठेवून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणून दाखवला.

गेटच्या बाहेर चार पावलं गेली आणि थांबली. गट्टू.

नागपूरच्या लोकांना सांगायला नको. सिमेंट रोड झाले, बाजूला गट्टू बसवले. दोन गट्टूंमधली फट, कुठे एक वर आलेला, कुठे एक खाली बसलेला. दोन इंची चाक त्या काठाला टेकलं की ते चाक राहत नाही, दगड होतं. मी जोर लावला तर गाडी गेली नाही, पेटी पुढे कलंडली.

हे का होतं ते मी नंतर बसून काढलं, आणि हा भाग जरा लक्ष देऊन ऐका, कारण चाक विकत घेताना हाच उपयोगाचा आहे. समजा १ सेंटिमीटर उंच काठ आहे आणि चाकांवर ३० किलो भार आहे. गाडी काठाला टेकून थांबली आहे आणि तुम्ही ती नुसती आडवी ओढताय. चाक दोन इंची असेल, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अडीच सेंटिमीटर, तर ते वर चढवायला साधारण ४० किलोचा जोर लागतो. वजनापेक्षा जास्त! त्यापेक्षा उचललेलं बरं. तेच चाक दहा इंची असेल तर साधारण १३ किलोचा जोर पुरतो. गाडी तीच, भार तोच, काठ तोच. छोट्या चाकासाठी १ सेंटिमीटर म्हणजे भिंत, मोठ्या चाकासाठी चढ.

आपल्या हातगाडीवाल्यांना हे कोणी गणित करून सांगितलं नव्हतं. बुधवार बाजारात उभे राहून बघा. भाजीच्या ठेल्याला सायकलएवढी मोठी चाकं असतात, आरेवाली, वर भरीव रबर. खड्डा आला तरी ठेला मान हलवतो आणि निघून जातो. वळवताना मात्र तो माणूस दांड्यावर भार देऊन एक बाजू किंचित उचलतो आणि गाडी फिरवतो, कारण ती चाकं फिरती नसतात. मी तिथे अर्धा तास उभा होतो. एका काकांनी विचारलं, ‘भाऊ, घेतोस का काही, की चाकंच मोजून राहिला?’ मग पावशेर हिरव्या मिरच्या घेतल्या.

पहिल्या गाडीचा शेवट असा झाला. सिमेंट रोड वर आला आणि घरं खाली राहिली, त्यामुळे आता प्रत्येक गेटसमोर उतार. एका घरासमोर मी कुलूप काढायला हात सोडला. चार चाकांची गाडी, ब्रेक नाही, उतार. तीच गाडी जी गट्टूवर हलत नव्हती, ती सिमेंटवर अशी सुटली की विचारू नका. समोर उभ्या स्कूटीचा इंडिकेटर फोडून थांबली. चारशे रुपये गेले. बाबा काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की जास्त लागतं.

दोन आठवडे मी गप्प बसलो. बाबा पेटी घेऊन जात होते, कधी डावा खांदा, कधी उजवा. मी सोबत असलो की मी घ्यायचो, पण सीझनमध्ये आम्ही दोघं दोन दिशांना असतो. रात्री आई खांद्याला तेल चोळायची आणि बाबा टीव्हीकडे बघत ‘हं’ म्हणायचे.

मग माझं डोकं गॅस सिलेंडरच्या ट्रॉलीकडे गेलं. दोन चाकं, तिरपी करून ओढायची. सोडली की ती खालच्या पत्र्यावर स्वतःच उभी राहते, चाकं मोकळी फिरत नाहीत, पळून जायचा प्रश्नच नाही. ब्रेक लावावा लागत नाही, हात सोडला की लागतो. जिन्यापाशी उलटी फिरवून एक-एक पायरी ओढता येते. आणि काठ आला तर ढकलायचं नाही, पाठ करून ओढायचं. ढकलताना आपला जोर नकळत खाली जातो आणि चाक आणखी रुततं. ओढताना थोडा वर जातो, चाक हलकं होतं.

सामान आणायला इतवारीत लोहा ओळीत गेलो. जाता जाता एक गंमत सांगतो. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, आमच्या शहरात पत्ता सांगताना निम्मं कॅलेंडर होतं. माझा पुण्याचा मित्र एकदा विचारत होता की मंगळवारीला बुधवारी गेलं तर चालतं का.

तर, एक इंची चौकोनी पाइप, १८ गेज, एक पूर्ण नळी म्हणजे सहा मीटर. दहा इंची चाकं दोन. इथे एक निर्णय असतो: हवेचं चाक की भरीव. हवेचं चाक मऊ चालतं, धक्का खातं, आतल्या सामानाला बरं. पण विदर्भात बाभळीचा काटा नावाची एक गोष्ट आहे. मी भरीव घेतली. एक्सलसाठी गोल रॉड. आधी चाक घ्या, त्याचं भोक मोजा, मग रॉड घ्या. मी उलटं केलं आणि दोन फेऱ्या मारल्या. पाइप घेताना जस्ताचा चकचकीत मुलामा असलेला घेऊ नका, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. साधा काळा पाइप घ्या आणि नंतर रंग मारा.

वेल्डिंग मला येत नाही. थोडंफार येतं असं मी म्हणू शकतो, पण ज्यावर बाबांचा भार जाणार ते माझ्या वेल्डिंगवर नको. कापणी घरी केली, जोडायला फॅब्रिकेशनवाल्याकडे नेलं. त्याने चहा पितापिता पंधरा मिनिटांत केलं. पाइप, चाकं, रॉड, वेल्डिंग, रंग, सगळं मिळून १,८५० रुपये. प्लाय पहिल्या गाडीचा वापरला, तेवढाच तिचा उपयोग.

दांड्याची उंची हा एक मोठा प्रश्न. बाबा माझ्यापेक्षा चार बोटं बुटके. त्यांना उभं करून माप घेतलं असतं तर लगेच ‘कायले?’ झालं असतं. मग सुचलं, त्यांची जुनी सायकल अंगणात उभी आहे. पंचवीस वर्षं त्यांनी ती हातात धरून ढकलली आहे, ज्या उंचीची त्यांच्या हाताला सवय आहे ती तिथेच आहे. टेप लावला, हँडल ९८ सेंटिमीटर. दांडा ९८ ला कापला.

आणि पेटी एक ठेवली नाही, दोन केल्या. हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम. फ्रेमला वर-खाली दोन हूक, त्यावर दोन पेट्या अडकतात. सपाट रस्त्यावर दोन्ही गाडीवर. लिफ्ट नसलेली स्कीम आली की गाडी खाली जिन्याच्या गजाला सायकलच्या कुलपाने बांधायची, आणि दोन हातात दोन पेट्या, बारा-बारा किलो. खांद्यावर काही नाही, एका बाजूला काही नाही. बऱ्याचदा वर एकच पेटी लागते. खस बदलायला ड्रिल मशीन कशाला न्यायचं?

पण पहिल्या दिवशी मी ड्रिल मशीन आणि मोटर वरच्या पेटीत भरली, कारण वाकायला नको. गाडी तिरपी केली आणि हातात निम्मं वजन आलं. हा तराजूचा हिशेब आहे. चाकाचा एक्सल म्हणजे काटा, दांड्याचं टोक म्हणजे तुमचा हात. सामानाचा मध्य एक्सलपासून हातापर्यंतच्या वाटेत जिथे असेल तेवढा वाटा हाताला येतो. मध्य अर्ध्यावर असेल तर निम्मं वजन हातात, पाव अंतरावर असेल तर साधारण पाव. जड सगळं खालच्या पेटीत टाकलं, वर फक्त टेस्टर, पेचकस, टेप, कंडेन्सर. २८ किलोची गाडी हाताला सहा-सात किलोची लागायला लागली.

चाकांचा विषय निघाला म्हणून चार चाकंवाल्यांसाठी पण सांगून ठेवतो. तुमचं वर्कशॉप सपाट फरशीचं असेल तर चार कॅस्टर छान, माझा त्यांच्यावर राग नाही. फक्त कॅस्टर घेताना एकूण वजनाला चारने भागू नका, तीनने भागा. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, एक चाक नेहमी थोडं अधांतरी असतं आणि भार तिघांवर येतो. १२० किलो असेल तर एक चाक ४० किलोचं हवं. आणि दोन चाकं तरी ब्रेकवाली घ्या. नाहीतर चारशे रुपये तयार ठेवा.

आता गाडी तयार. निळा रंग, अंगणात उभी. बाबा कामावरून आले, चप्पल काढली, गाडीकडे पाहिलं, आत गेले. जेवण झालं. हात धुवून बाहेर आले, वाकून एक्सलकडे बघितलं आणि विचारलं, ‘वायसर टाकलं का?’

मंडळी, हे ऐकून मी एकदम आठ वर्षांचा झालो. कारण सांगतो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपुरात ही रीत भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. खऱ्या बैलांचा पोळा आदल्या दिवशी, दुसरा दिवस पोट्ट्यांचा. लाकडाचा बैल, चार पाय एका फळीवर, फळीला चार चाकं, गळ्याला दोरी. सजवायचा, ओढत न्यायचा, घरोघरी दाखवायचा आणि बोजारा गोळा करायचा. ज्याचा बैल मोठा त्याची ऐट मोठी. माझा बैल बाबांनी घरी बनवला होता. बाजारच्या बैलापेक्षा जरा कुत्र्यासारखा दिसायचा, खरं बोलायला काय जातं. पण पहिल्याच वर्षी दुसऱ्या गल्लीत त्याचं चाक अडकलं. लाकडी चाक फळीला घासून घासून जाम झालं. मी रडत घरी. बाबांनी खिळा काढला, चाक आणि फळी यांच्यामध्ये एक पत्र्याचा वायसर घातला, परत खिळा मारला आणि चाकाला बोटाने टिचकी दिली. ते फिरत राहिलं. ‘चाकाले थोडी जागा द्यावं लागते,’ म्हणाले.

तर गाडीला मी वायसर टाकले होते. चाकाच्या आतून एक, बाहेरून एक, मग स्प्लिट पिन. बाबांनी चाकाला टिचकी दिली. फिरलं. ‘हं,’ म्हणाले आणि झोपायला गेले.

लाकडी बैलावरून आणखी एक आठवलं. चीनमध्ये तिसऱ्या शतकात झूगे लियांग नावाच्या सेनापतीने डोंगरातून सैन्याला धान्य पोचवायला एक साधन वापरलं, त्याचं नाव होतं ‘लाकडी बैल’. बरेच अभ्यासक म्हणतात की ती हातगाडीच होती. तिथल्या जुन्या एकचाकी गाड्यांमध्ये मोठं चाक बरोबर मध्यभागी असायचं, सगळा भार चाकावर, माणसाने फक्त तोल सांभाळायचा. मला हे वाचून भारी वाटलं. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी तिकडे लाकडी बैल सैन्याचं पोट भरत होता, आणि इकडे आमचा लाकडी बैल पोट्ट्यांना पाच-दहा रुपये मिळवून देतोय.

पण बाबांनी गाडी नेली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ‘हं’ म्हणजे हो नसतं हे मला कळायला हवं होतं. मी एकदा जरा चिडून कमलेशचा व्हिडिओ लावला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, मालेगाव तालुक्यातला कमलेश घुमरे, ‘जुगाडू कमलेश’, शार्क टँक इंडियाच्या पहिल्या सीझनमध्ये आला होता. वडील पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शेतात फिरायचे, ते बघून त्याने सायकलच्या चाकावर फवारणीची गाडी बनवली. पीयूष बन्सलने त्याला १० लाख दिले आणि २० लाख कर्ज दिलं. मला वाटलं बाबांना पटेल. बाबांनी पूर्ण बघितलं. म्हणाले, ‘पोरगा हुशार आहे. पण शेतात वॉचमन नसते.’

बोला आता.

आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी मीच गाडी घेऊन एका मोठ्या स्कीममध्ये गेलो तर गेटवर अडवलं. माल कशाचा आहे, मागच्या गेटने जा, लिफ्टमध्ये गाडी चालणार नाही. फोन लावून वरून ताईंना सांगावं लागलं की हा कूलरवाला आहे. याच गेटमधून खांद्यावर पेटी घेऊन मी दहा वेळा गेलेलो, कोणी नजर वर केली नव्हती. वॉचमनकाकांवर राग नाही, त्यांना जे सांगितलंय ते ते करतात. पण मला पहिल्यांदा कळलं की बाबा हट्टीपणा करत नव्हते. त्यांना माहीत होतं. मी घरी येऊन हे त्यांना सांगितलं नाही.

गाडीचा पहिला मान गव्हाला मिळाला. एका रविवारी उठलो तर गाडी अंगणात नाही. आई म्हणाली, बाबा चक्कीवर गेले, वीस किलो गहू घेऊन. पेट्या काढून ठेवल्या होत्या, हुकांना पोतं बांधलं होतं. परत आले तर पिठाने पांढरी झालेली गाडी. ‘दांडा बराबर हाताले येते,’ एवढंच बोलले. मी सायकलचं काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी शेजारच्या काकूंचा सिलेंडर. मग एकदा पाण्याचा कॅन. गहू, सिलेंडर, कॅन नेताना माणूस मिस्त्री नसतो, घरचा माणूस असतो, त्यामुळे चालतं.

मेमध्ये एका दिवशी तीन कूलरचं काम आलं, एकाच गल्लीत. मी हिंगण्याकडे होतो. संध्याकाळी घरी आलो तर जुनी पेटी कोपऱ्यात होती आणि बाबा अंगणात गाडीपुढे उकिडवे बसले होते. म्हणाले, हत्यारं खडखड करतात, लोकांना वाटते बर्फगोलावाला आला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून दोन्ही पेट्यांच्या तळाला चिकटवत होते. मी मध्ये बोललो नाही. खांद्याबद्दलही विचारलं नाही. खांदा अजून पूर्ण बरा नाही, हात कानाच्या वर गेला की थांबतो. पण रात्रीचं तेल आता रोज लागत नाही, असं आई सांगते.

आणि वॉचमनचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. आमच्या चौकात एक पेंटर आहेत, दुकानांच्या पाट्या लिहितात. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे काम कमी. बाबा गाडी त्यांच्याकडे घेऊन गेले. आता वरच्या पेटीवर पिवळ्या अक्षरात लिहिलंय: ‘इलेक्ट्रिक, पंखा, कूलर दुरुस्ती’. खाली मोबाइल नंबर, बाजूला छोटासा पंखा काढलेला. गेटवर आता कोणी काय विकता विचारत नाही. उलट परवा एका वॉचमनकाकांनीच थांबवून नंबर लिहून घेतला, त्यांच्या खोलीतला पंखा फिरत नव्हता.

पाटीवर वर मोठ्या अक्षरात बाबांचं नाव आहे. माझं नाही. मी म्हटलं, बाबा, गाडी मी बनवली, निदान कोपऱ्यात तरी टाकायचं होतं.

म्हणाले, ‘तुझी पहिलीवाली होती ना, तिच्यावर टाक.’

चला, भेटू पुढच्या भागात. बाहेर कुणाचा तरी पंप बंद पडलाय, फोन वाजतोय.